तापलेला लॅपटॉप आणि सेंगमलमची पिशवी

दुरुस्तीच्या धंद्यात शिरायचं तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. गिऱ्हाईक खोटं बोलतं. मुद्दाम नाही बोलत बिचारं, पण बोलतं. ‘काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं,’ हे वाक्य मी कुंभकोणमच्या बाजारात तीसेक वर्षं रोज ऐकलं आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवला नाही. पापनाशमच्या एका गृहस्थांचा टीव्ही उघडला तर आत सुपारीचा अडकित्ता निघाला. ‘हा इथं कसा?’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘कंपनीनंच ठेवला असेल.’ आता यावर काय बोलायचं, सांगा!

गिऱ्हाइकाचाही आमच्यावर विश्वास नसतो, हेही कबूल करतो. एक निवृत्त तहसीलदार होते. रेडिओ दुरुस्तीला देताना ते आतल्या प्रत्येक वॉल्व्हवर पेन्सिलीनं सही करायचे. परत नेताना चष्मा लावून सह्या जुळवायचे. आमच्या लोकांनी चांगला भाग काढून घेतला आणि भंगारातला बसवला, ही शंका प्रत्येकाच्या डोक्यात असते, आणि खरं सांगायचं तर काही दुकानांत ते होतही असे. माझ्या दुकानात होत नव्हतं. पण हे सगळेच दुकानदार म्हणतात, तेव्हा तुम्हीही यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्याच्या गमती लिहा’ असं संपादकांनी कळवलं. सूनबाई पुण्याची, तिनं भरीला घातलं. आम्ही पिढ्यानपिढ्या इकडचे, तमिळनाडूतले. आमचं घरातलं मराठी जुनाट, तिला हसू येतं. मी लिहितो, ती सरळ करते. सरळ करताना काय काय गाळते, कोण जाणे. गमती लिहायला बसलो खरा, पण लेखणी राहून राहून एकाच जागी जाते आहे, आणि ती जागा गमतीची नाही.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या सुमारास मी रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचं दुकान काढलं. मग घरोघर टीव्ही आले, त्यानंतर नव्वद साल उलटल्यावर कॉम्प्युटर आले. प्रत्येक वेळी बाजारातले लोक म्हणत, ‘आता रावसारना हे जमायचं नाही.’ आणि प्रत्येक वेळी मला ते जमलं. यात माझी हुशारी निम्मी. निम्मी सेंगमलमची.

सेंगमलम चोळपुरमची. रोज सकाळच्या बसनं यायची, खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी. पूर्वी ती एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायची. तो कारखाना बंद पडला आणि ती माझ्याकडे आली. सोल्डरिंगला तिचा हात असा, की डाग दिलाय हे भिंगातून बघितल्याशिवाय कळू नये. माझ्यापेक्षा तिचं काम चांगलं होतं. हे मी तिला बारा वर्षांत एकदाही बोललो नाही. बोललो तर पगार वाढवून मागेल, ही भीती. मी तिला ‘अम्मा’ म्हणायचो, ती मला ‘सार’, म्हणजे तुमचं ‘सर’. बोलणं सगळं तमिळमध्ये. इथं मी ते मराठीत देतो आहे.

तर गोष्ट आहे आमच्या दुकानात आलेल्या पहिल्या लॅपटॉपची. मुत्तुकृष्णन् म्हणून पितळी समयांचे एक बडे व्यापारी होते. त्यांच्या मेहुण्यानं सिंगापूरहून त्यांना तो आणून दिला. परदेशी गिऱ्हाइकाला समयांचे नमुने पडद्यावर दाखवायचे, असा बेत. नवरात्राच्या आधी त्याची फ्लॉपी अडकायला लागली, म्हणून तो आमच्याकडे आला. सेंगमलमनं खालचं झाकण उघडून दोन दिवसांत ते काम केलं. दसऱ्यानंतर मुत्तुकृष्णन् लॅपटॉप घेऊन गेले आणि आठवड्यात परत आले. कपाळावर आठी.

‘रावसार, आता हा तापतो. वीस मिनिटांत तव्यासारखा होतो आणि पट्कन बंद पडतो. तुमच्याकडे यायच्या आधी तापत नव्हता.’

हे शेवटचं वाक्य आमच्या धंद्यातलं सगळ्यात विषारी वाक्य.

यंत्र का तापतं ते सांगतो. लॅपटॉप म्हणजे अख्खा कॉम्प्युटर वहीएवढ्या जागेत कोंबलेला. आत चुन्याच्या डबीएवढा एक पंखा. तो आतली गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. पंखा थांबला की आतला मुख्य भाग भाजायला लागतो, आणि जीव वाचवायला यंत्र स्वतःहून बंद होतं. म्हणून शोधायचं एवढंच: वीज जास्त येते का, अॅडॅप्टर बिघडलाय का, हवेची वाट बुजलीय का, पंखा फिरतो का. मी झाकण काढून यंत्र उलटं ठेवलं आणि सुरू केलं. पंखा झकास फिरत होता. झाकण लावलं, पुन्हा सुरू केलं. मागच्या खोबण्या दिसाव्यात म्हणून आमच्या टेबलावर प्रत्येक यंत्राखाली मी लाकडी पाचर ठेवायचो, यंत्र पुढे कलतं राहायचं. तसंच ठेवून दोन तास चालवलं. कोमटसुद्धा झालं नाही.

‘सार, यंत्र ठणठणीत आहे,’ मी सांगितलं.

ते घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ‘तापतो.’

असं तीन वेळा झालं. दुकानात थंडगार, त्यांच्या घरी भट्टी. आता अशा वेळी मनात काय येणार? हा माणूस मला बनवतोय. मेहुण्यानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला आणि हा माझ्याकडून फुकटात नवा पंखा उकळायला बघतोय. मी मल्टिमीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. वीज मोजली, ठीक. अॅडॅप्टर मोजला, ठीक. बैठकीत काचेचं सपाट टेबल, त्यावर लॅपटॉप. मी नजर फिरवली. कुणी याला गादीवर ठेवत असेल का? त्यांच्या बायकोनं कॉफी दिली, तर त्या एवढ्या अगत्यानं का देताहेत याचाही मला संशय आला. हसू नका. काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशी माझी गत झालेली.

मी काही बोलणार एवढ्यात मुत्तुकृष्णनच बोलले. आवाज खाली करून.

‘रावसार, तुमच्याबद्दल शंका नाही. पण पंखा पूर्वी असा नव्हता. आवाजच येत नसे. आता सुरू करताना टिक् वाजतं. कुणी बदलला तर नाही? उघडलं कुणी होतं?’

उघडलं सेंगमलमनं होतं.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो. मी लॅपटॉप घेऊन दुकानात आलो आणि तो पालथा करून झाकणाचे स्क्रू बघितले. सहातला एक स्क्रू वेगळा, नवा, चकचकीत. मला आठवलं, तिच्या धाकट्या भावानं नुकतंच चोळपुरमला दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्याला सुटे भाग लागतच असतील. मग आठवलं, की मागच्या आठवड्यात तिनं रुमालात काहीतरी गुंडाळून पिशवीत टाकलं होतं. एकदा गाठ मारायला घेतली की धागे आपोआप सापडत जातात. बारा वर्षांत एक साधा ट्रान्झिस्टर इकडचा तिकडे झाला नव्हता, हे तेवढं आठवलं नाही.

मी तिला सरळ विचारलं असतं तर निभावलं असतं. विचारलं नाही. नुसता तिच्या हाताकडे बघत बसायला लागलो. ती उठली की तिच्या टेबलाचा खण बघायचो. तिला कळत होतं. त्या दिवसांत ती माझ्याकडे दोनदा आली. ‘सार, हे यंत्र पाचरीवर ठेवू नका. मी परवा जेवायच्या टेबलावर आडवं ठेवलं होतं, तेव्हा पंखा थांबला. कलतं असलं की फिरतो.’

मी म्हणालो, ‘टेबलाचा आणि पंख्याचा काय संबंध? आपलं काम बघा, अम्मा.’

ही आता स्वतःची चोरी झाकायला काहीतरी रचतेय, असं मला त्या वेळी वाटलं. काय म्हणावं या डोक्याला!

पुढच्या दिवशी दुपारी मुत्तुकृष्णन् तणतणत आले. चार दिवसांवर त्यांचं परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. दुकानात रेडिओ घ्यायला आलेल्या एक शाळामास्तरीणबाई बसल्या होत्या. शेजारचा घड्याळवाला गप्पा मारायला आला होता. आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातला नटेशन कॉफीचे पेले गोळा करत होता. मुत्तुकृष्णन् सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पंखा बदललाय, रावसार. एक तर तुम्ही बदललाय, नाहीतर तुमच्या या बाईनं. मी बाजारात सगळ्यांना सांगणार.’

माझी पाचावर धारण बसली. बाजारात नाव गेलं की दुरुस्तीवाल्यापाशी राहतंच काय? आणि मी, स्वतःचं नाव वाचवायला, सेंगमलमकडे वळून म्हणालो, ‘अम्मा, पिशवी उघडा.’

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. ‘काय म्हणालात, सार?’

‘पिशवी. इथं ठेवा. रिकामी करा.’

तिनं वाद घातला नाही. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. जेवणाचा डबा. छत्री. बसचा पास. औषधाची बाटली. एक रुमाल, गाठ मारलेला. तो तिनं माझ्याकडे सरकवला. ‘तुम्हीच सोडा.’

मी सोडला. आत तिचा तुटलेला चष्मा होता, काडी निखळलेला. त्या मास्तरीणबाईंनी मान दुसरीकडे फिरवली. नटेशन पेले हातात धरून तसाच उभा. मुत्तुकृष्णन् पुटपुटले, ‘इथं नसेल, घरी नेला असेल.’ मी त्यावर एक शब्द बोललो नाही.

‘आणि तो नवा स्क्रू?’ मी विचारलं. अजूनही माघार घेवेना, बघा.

‘जुन्याची खाच झिजली होती. तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही टीव्हीत डोकं घालून होतात.’ तिनं सगळं परत पिशवीत भरलं. चप्पल घातली. दारात थांबून म्हणाली, ‘यंत्र आडवं ठेवून बघा, सार.’ आणि ती गेली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुत्तुकृष्णन् ‘उद्या येतो’ म्हणून गेले. मी दुकानाचं दार अर्धं ओढलं, पाचर काढून फेकली आणि लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला. मागच्या जाळीपाशी टिश्यू कागदाची पट्टी धरली. सुरू केलं. पट्टी हलली. मग आतून ‘टिक्’ झालं आणि पट्टी पडली. यंत्र मागून उचललं, पट्टी पुन्हा फडफडली. खाली ठेवलं, टिक्. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

या वेळी मी नुसतं झाकण काढून थांबलो नाही. पंख्याचे चारही बारीक स्क्रू सोडवून तो बाहेर घेतला आणि पांढऱ्या कागदावर उलटा करून आपटला. तांदळाचा एक दाणा पडला. एका टोकाला पात्यानं घासून काळा झालेला. यंत्र सपाट असलं की पात्यात अडकायचा, कललं की बाजूला घरंगळायचा. पंखा मूळचाच होता.

तांदूळ कुणाच्याही घरचा असू शकतो म्हणाल. हा नव्हता. हा लाल होता.

नवमीला इकडे आयुधपूजा, तुमच्याकडची खंडेनवमी. त्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं आणि दुरुस्तीला आलेली सगळी यंत्रं मांडून पूजा करायची, त्यांना हात लावायचा नाही. बाजारातले बाकीचे दुकानदार गंध-कुंकू लावतात, फुलं घालतात, चुरमुरे वाटतात. अक्षता उधळणारा मी एकटा. आणि त्या अक्षताही आमच्या वैष्णवांच्या पद्धतीच्या, हळदीत चुना कालवून लाल केलेल्या. अशा अक्षता त्या बाजारात दुसऱ्या कुठल्याच दुकानात सापडल्या नसत्या. लॅपटॉप त्या दिवशी माझ्याच फळीवर उभा ठेवला होता, जाळी वर करून. मी मंत्र म्हणत मूठभर अक्षता टाकल्या होत्या, मोठ्या भक्तीनं.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच. मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. लाज वाटली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना खरं सांगितलं. मलाही रात्रभर तेच वाटत होतं. सकाळी मुत्तुकृष्णन् आले. मी लॅपटॉप सपाट टेबलावर तासभर चालवून दाखवला. ते खूश झाले. ‘काय झालं होतं?’

‘धूळ,’ मी म्हणालो. ‘धूळ अडकली होती.’

‘मग त्या बाईनं पंखा बदलला नव्हता?’

‘आता काम झालं ना, सार?’ मी म्हणालो.

ते हसले. आपल्याला कळलं अशा अर्थानं मान हलवली. त्यांना काय कळलं ते मलाही कळलं. मी आतल्या आत गुपचूप पंखा परत बसवला आणि माझ्या बाईची चोरी झाकली, असं त्यांना वाटलं. मी ते वाटू दिलं. अक्षतांचं सांगितलं असतं तर अख्खा बाजार वर्षभर हसला असता: रावसार पूजा करतात आणि यंत्रं मारतात!

रविवारी मी चोळपुरमला गेलो. दाणा कागदात बांधून नेला होता. सेंगमलम दारात बसून भावाच्या दुकानातला एक रेडिओ दुरुस्त करत होती. तिनं पाणी दिलं. मी कागद उघडून दाखवला आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. माफी मागितली. आयुष्यात बायकोची मागितली नव्हती, तिची मागितली. ‘उद्यापासून या, अम्मा. पगार वाढवतो.’

तिनं दाणा बोटावर घेऊन बघितला. चेहऱ्यावर राग नव्हता.

‘मला सांगून काय उपयोग, सार? मी चोरी केली नाही हे मला ठाऊकच होतं. पिशवी तुम्ही चौघांसमोर उघडायला लावलीत. हे त्या चौघांना सांगा. मग मी दुसऱ्या दिवशी येते. पगार वाढवू नका.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

खरंच सांगणार होतो. सोमवारी घड्याळवाला परगावी गेलेला. चौघं एकदम असले की सांगू, असं ठरवलं. मंगळवारी मुत्तुकृष्णनांकडे ते परदेशी गिऱ्हाईक. पुढच्या आठवड्यात नको, कारण गिऱ्हाइकांची गर्दी. मग पोंगल, तुमच्याकडची संक्रांत. कारण हवं असलं की पंचांगात सापडतंच.

पोंगलनंतर दोनेक महिन्यांनी तंजावूरच्या एका मोठ्या दुकानदाराचा फोन आला. सेंगमलम त्याच्याकडे काम मागायला गेली होती.

‘कामाला कशी आहे, रावसार?’

‘तिच्यासारखं काम या जिल्ह्यात कुणाचं नाही.’ हे मी लगेच बोललो.

‘आणि हाताची स्वच्छ आहे ना? काहीतरी कानावर आलंय.’

मी थांबलो. फार वेळ नाही, घोट गिळायला लागतो तेवढाच. मग म्हणालो, ‘चांगली आहे.’ पण फोनवर तेवढं थांबणं पुरतं. त्यानं ‘बरं, बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तिला ते काम मिळालं नाही. पुढे कुंभकोणमात तिनं कुठेच विचारलं नाही. चोळपुरमला भावाच्या दुकानात रेडिओ, मिक्सर, पंखे करत राहिली. मोबाइलच्या जमान्यात भलीभली दुकानं बुडाली, तिथं तेही बुडालं. तिचा हात कॉम्प्युटरसाठी होता. त्या हातानं वीस वर्षं मिक्सरची भांडी घट्ट केली, ती माझ्यामुळे.

मी धंदा मुलाच्या मित्राला दिला, तरी सकाळी तिथं जाऊन बसतो. त्या चौघांतले मुत्तुकृष्णन् गेले. मास्तरीणबाई लेकीकडे असतात, पण बाजारात दिसतात. घड्याळवाला शेजारीच आहे. सेंगमलमही आहे. बसथांब्यावर दिसली की ‘सौख्यमा, सार?’ म्हणून खुशाली विचारते. कधी आणखी काही विचारत नाही.

हे सगळं मी आज प्रथमच लिहिलं. सूनबाईला वाटतं, सासऱ्यांनी केवढं मोठं मन केलं. तिचं ऐकू नका. मी हे मराठीत लिहिलं आहे, आणि आमच्या बाजारात मराठी वाचणारं कुणी नाही. नटेशन आजही मला रोज कॉफी आणून देतो. आज सकाळी तो पेला घेऊन आला तेव्हा हे कागद माझ्यासमोर पसरले होते. त्याला यातलं एक अक्षर कळलं नसतं. तरी मी ते पट्कन पालथे घातले.